लवणवाडीचे चार किलोमीटर

“रस्ता इथंच असायला पाहिजे,” पोतनीस साहेब म्हणाले आणि त्यांनी सायकलची घंटा वाजवली. रस्ता आसपास कुठं बसला असेल तर घंटा ऐकून उठून येईल, अशी त्यांची समजूत असावी.

समोर ओढा होता. त्याला पाणी नव्हतं, बाकी ओढ्याला लागतं ते सगळं होतं. धोंडे, वाळू, ढासळलेले काठ, आणि दोन्ही बाजूंना वेड्या बाभळीची अशी दाटी, की शेळीनंही आत शिरण्याआधी घरी सांगून जावं. पठारावरून ज्या गाडीवाटेनं आम्ही आलो होतो, ती लवणवाडीच्या शेवटच्या घरापाशी आली आणि तिथंच तिनं आमचा निरोप घेतला. मी पाठीवरच्या नळीतून नकाशा काढला, सायकलच्या सीटवर पसरला आणि दोन्ही कडा दाबून धरल्या. नकाशा म्हणत होता, की इथून म्हसोबाच्या खिंडीपर्यंत चार किलोमीटर रस्ता आहे. काळ्या शाईची अखंड रेघ. कुठं थरथर नाही, कुठं डाग नाही.

नकाशा मी काढलेला होता.

ही गोष्ट आठ-नऊ वर्षांपूर्वीची. तालुक्याचं नाव सांगत नाही; तालुक्यालाही अब्रू असते. मी बांधकाम खात्यात ट्रेसर होतो. म्हणजे वरचे लोक पेन्सिलीनं जे काढतील त्यावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि ते शाईनं पक्कं करायचं. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रेघांवरून रेघा ओढल्या. पोतनीस साहेब त्याच कार्यालयात शाखा अभियंता होते, माझ्या सहा वर्षं आधी निवृत्त झाले. त्यांची ख्याती अशी, की ठेकेदाराच्या कामावर जाताना ते पिण्याच्या पाण्याची बाटली घरून नेत. चहा तर सोडाच, ठेकेदाराचं पाणीसुद्धा त्यांच्या घशाखाली उतरलं नाही. काही ठेकेदारांना यामुळे त्यांच्याविषयी आदर वाटे. उरलेल्यांना काळजी वाटे.

निवृत्तीनंतर माणसं देवळात बसतात किंवा दवाखान्यात. आम्ही सायकलवर बसलो, ते केतकी शिरोळेमुळे. केतकी आमच्या गावातली दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावून कंटाळलेली असल्यामुळे सुटीच्या दिवशी ती त्यांना सायकलवर घालून गप्प करायची. तिच्या क्लबानं ‘माळरान शंभरी’ नावाची सायकलफेरी काढायचं ठरवलं होतं. एका दिवसात शंभर किलोमीटर, आणि डांबराला चाक लावायचं नाही. गाडीवाटा, पाणंदी, मुरूम, फुफाटा. पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं, तहान लागली तर आपली आपण सोसायची आणि वाटेतल्या चार ठाण्यांवर कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. एवढा छळ करून घ्यायला एकशे चाळीस लोकांनी नावं नोंदवली होती.

अडचण एकच होती. इंटरनेटवरच्या नकाशात तालुक्याचा उत्तरेकडचा भाग नुसता पिवळसर दिसायचा, चपातीसारखा. कुणीतरी केतकीला सांगितलं, तांबवेकर काकांकडे जुने नकाशे आहेत.

होते. कार्यालयात संगणक आले तेव्हा जुनी ट्रेसिंगं रद्दीत निघाली होती, ती मी नळ्यांत भरून घरी आणली होती. केतकीनं ती खोलीभर अंथरली, रांगत रांगत त्यांचे फोटो काढले, आणि मी खुर्चीत बसून तिला सांगितलं, की या तालुक्यातली एकही वाट माझ्या हाताखालून गेल्याशिवाय राहिलेली नाही. तिनं उत्तर भागात एक मोठा फेरा बसवला. लवणवाडी ते खिंड हे चार किलोमीटर धरले की शंभर बरोबर जुळत होते. ते वगळले तर सगळी फेरी हमरस्त्यावर येऊन पडत होती. मार्ग ठरला, कार्डं छापली, आणि पत्रकावर ‘मार्ग-आखणी : श्री. तांबवेकर’ असं आलं. माझं नाव आजवर नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत यायचं. इथं ते चष्म्याशिवाय वाचता येत होतं.

नाव लागलं म्हटल्यावर शंभरी स्वतः करणं आलं. साहेबांनी ऐकलं आणि तेही म्हणाले, मी येतो. कुणालाही देखरेखीशिवाय रस्त्यावर सोडू नये, हे त्यांचं जुनं मत होतं.

तीन महिने तयारी चालली. दर रविवारी दहा किलोमीटर वाढवायचे. मला मुलानं गिअरची सायकल पाठवली. साहेबांनी माळ्यावरून नोकरीतली काळी सायकल उतरवली. तिचा एक ब्रेक लागायचा आणि दुसरा साक्षीला असायचा. केतकीनं आम्हाला शिकवलं, की कच्च्या वाटेवर टायरमधली हवा थोडी कमी ठेवायची, भूक लागायची वाट न पाहता अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात टाकायचं, आणि सायकलस्वारांची ती जाड बुडाची चड्डी घालायची. दोरीवर वाळणारी ती चड्डी पाहून माझ्या बायकोनं, मालिनीनं, शेजारी उठायच्या आत ती घरात घेतली. साहेबांनी चड्डी साफ नाकारली. सरकारी खुर्चीवर आयुष्य काढलेल्या माणसाला वेगळी गादी लागत नाही, असं ते म्हणाले. पंक्चर काढायचा सराव आम्ही त्यांच्या अंगणात घड्याळ लावून केला. पहिल्या दिवशी एकेचाळीस मिनिटं लागली. साहेबांनी वहीत लिहिलं. महिन्याभरात सतरावर आलो, तेही लिहिलं.

शिवाय दुसऱ्या महिन्यापासून दर रविवारी मार्गाचा एकेक तुकडा प्रत्यक्ष फिरून पाहायचा, हा साहेबांचा हट्ट. पहिले तीन तुकडे माझ्या नकाशाशी केसाएवढेही चुकले नाहीत. प्रत्येक वळणावर मी नुसतं “बघा” म्हणायचो आणि साहेब मान हलवायचे. हा चौथा तुकडा शेवटचा होता. फेरीला तीन आठवडे उरले होते.

शेवटच्या घराच्या ओट्यावर सत्तरीच्या आतबाहेरच्या एक बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. आम्ही नकाशा उलटासुलटा करत होतो ते त्या बराच वेळ बघत असाव्यात. साहेबांनी त्यांना विचारलं, खिंडीकडे जायचा रस्ता कुठं आहे.

“हाय की,” त्या म्हणाल्या. “तुमी हुबं हाय त्येच्यावरच.”

साहेबांनी पायाखाली पाहिलं. तिथं एक खेकड्याचं बीळ होतं.

“आमास्नी बी दिसत न्हाई,” त्या म्हणाल्या. “पर सरकारला दिसतोय. बसा, पानी देते.”

त्या गजराबाई. मागं पाच वर्षं ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या. त्यांनी आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. तिच्यात चौदा अर्जांची चौदा उत्तरं होती. सह्या बदलत गेल्या होत्या, टंकलेखन जाऊन संगणक आला होता, वाक्य मात्र तेच होतं : ‘लवणवाडी ते म्हसोबाची खिंड हा रस्ता अस्तित्वात असल्याने नवीन रस्त्याची मागणी विचारात घेता येत नाही.’

बाई सांगत होत्या आणि शेंगा फोडत होत्या. एस.टी. खिंडीत थांबते. दुधाच्या किटल्या डोक्यावरून खिंडीत जातात. पावसाळ्यात ओढा भरला की सातवीच्या पुढच्या पोरींची शाळा बंद होते ती बंदच राहते. आणि सोयरिकीला पाहुणे येतात ते जीप खिंडीत लावून ओढ्यापर्यंत चालत येतात, आपल्या चपलांकडे बघतात आणि तिथूनच मागं फिरतात. वाडीत चाळिशी उलटलेले अकरा जण बिनलग्नाचे आहेत. हे सगळं त्या पाऊस किती पडला ते सांगावं तशा सांगत होत्या.

मला अशा वेळी गप्प बसता येत नाही. कार्यालयात दुपारच्या डब्याला मी पैसे खाणाऱ्यांच्या नकला करायचो, त्यासाठी शेजारच्या कार्यालयातले लोक डबा घेऊन यायचे. मी म्हटलं, रस्ता म्हणजे काही पेढा नव्हे, चार किलोमीटर पचवायचे तर ठेकेदाराची तब्येत चांगली असणार.

“ठेकेदार कशाला?” गजराबाई म्हणाल्या. “त्या टायमाचा साहेब. त्येनं खाल्ला. शहाऐंशी सालात. वाडीतल्या ल्हान पोराला बी ठावं हाय.”

माझी नक्कल तिथंच थांबली. शहाऐंशी साली या भागाचा जादा कार्यभार पाच महिने कुणाकडे होता, हे त्या ओट्यावर दोघांना ठाऊक होतं. त्यातला एक मी.

बाईंनी भाकरी आणि ठेचा आणला. साहेब भूक नाही म्हणाले. त्रेचाळीस किलोमीटर सायकल हाणून आलेला माणूस. त्यांनी आपली बाटली काढली आणि पाणीही तिच्यातलंच प्यायले.

परतीच्या वाटेवर ते पुढं आणि मी मागं. पठाराचा चढ लागला तेव्हा ते उतरले, सायकल ढकलत चालू लागले आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले. लवणवाडीत त्यांनी आज पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं. कार्यभार पाच महिन्यांचा, त्यात या रस्त्याचं एकही बिल त्यांच्यासमोर आलं नव्हतं.

“तीस वर्षं ती माणसं माझ्या नावानं...” ते म्हणाले आणि थांबले. चढ संपल्यावर म्हणाले, “कुणी खाल्ला ते शोधा, तांबवेकर. नकाशे तुमच्याकडं आहेत.”

मी शोधतो म्हणालो. खरं सांगायचं तर मनात दोन ठेकेदारांची नावं तयार होती आणि त्यातल्या एकाची नक्कल मला चांगली जमायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी शहाऐंशीचं ट्रेसिंग काढलं. ज्या जुन्या शीटवरून ते उतरवलं होतं तीही नळीत होती. दोन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावली. ऊन मागून येत होतं. रस्त्यावर रस्ता पडला, ओढ्यावर ओढा पडला, विहिरीवर विहीर. माझा हात चांगला होता, हे मला मान्य करावं लागलं. मग मी लवणवाडीला आलो.

खालच्या शीटवर तिथं तुटक रेघ होती.

आमच्या कामात झालेला रस्ता अखंड रेघेनं दाखवतात आणि होणार असलेला तुटक रेघेनं. जुन्या शीटवर लवणवाडी ते खिंड बावीस तुकडे होते, म्हणजे हा रस्ता कधीतरी करायचा आहे. वरच्या शीटवर, माझ्या, एक सरळ रेघ होती. कोपऱ्यातली चौकट वाचायला मला भिंग घ्यावं लागलं. ‘ट्रेस केले : तांबवेकर. तपासले : नी. पोतनीस. ८ ऑगस्ट १९८६.’

ती तारीख मला कुठंतरी भेटलेली होती. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, की मी तुला बघायला कधी आलो होतो.

“आठ ऑगस्ट,” मालिनी आतून म्हणाली. “श्रावणातला शुक्रवार. साडेपाचची एस.टी. धरून आला होतात.” भांडं ठेवल्याचा आवाज आला. “बोटाला शाई होती तुमच्या. आई म्हणाली, माणूस कामाचा दिसतोय.”

तुटक रेघ काढायला वेळ लागतो. प्रत्येक तुकड्याला पेन टेकवायचं, उचलायचं, टोक पुसायचं, सारखं अंतर सोडून पुन्हा टेकवायचं. बावीस तुकड्यांना पाव तास. अखंड रेघेला पट्टी ठेवली की दहा सेकंद. मी त्या वेळी काय विचार केला ते आठवायचा प्रयत्न केला. काही आठवेना. बहुधा काहीच केला नसावा.

पुढं त्या शीटवरून खात्याची रस्त्यांची यादी झाली. तीस वर्षांत त्या रस्त्यावर एक खड्डा पडल्याची तक्रार नाही, मोरी खचल्याची नाही, मुरूम वाहून गेल्याची नाही. खात्याच्या लेखी तो तालुक्यातला सर्वांत चांगला रस्ता असणार. आणि त्यात कुणी एक पैसा खाल्ला नव्हता. नक्कल करायची तर कुणाची करणार?

मी दोन्ही शिटा गुंडाळून एका नळीत घातल्या. ती नळी पुन्हा माळ्यावर गेली असती तर जगात कुणीही त्या दोन शिटा एकावर एक ठेवून खिडकीला लावणार नव्हतं. केतकीला सांगता आलं असतं, की ओढ्यानं रस्ता वाहून नेला. नाव पत्रकावर राहिलं असतं. साहेब मरेपर्यंत चोर शोधत बसले असते आणि गजराबाईंना पंधरावं उत्तर आलं असतं. संध्याकाळपर्यंत मी ती नळी मांडीवर घेऊन बसलो होतो. मालिनीनं दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

पुढच्या रविवारी माळावर साहेबांच्या चाकात बाभळीचा काटा गेला. ते उकिडवे बसून ट्यूब कानसत होते, मी सोल्यूशनची नळी धरून उभा होतो. तेवढ्यात सांगून टाकलं. एस.टी.सकट सांगितलं. त्यांनी हात पुसले, दोन्ही शिटा घेतल्या आणि एकावर एक धरून उन्हाकडे केल्या. खूप वेळ बघत राहिले. वाऱ्यानं कागद फडफडत होता.

मी म्हणालो, की मी खात्याला लिहून देतो, एकट्याच्या नावानं. तपासणीत असं एखादं चुकतं, ते कुणीही समजून घेईल.

“चुकलं नाही,” साहेब म्हणाले. “मी पाहिलंच नाही.”

ते पुन्हा खाली बसले आणि ट्यूबवर तुकडा दाबून धरला.

“त्या संध्याकाळी अकरा शिटा होत्या टेबलावर. पाच भोसल्यांच्या, सहा तुमच्या. भोसल्यांच्या पाचही मी तपासल्या, त्यातली एक परत पाठवली. तुमच्या नाही.” अंगठा त्यांनी उचलला नाही. “तुमच्या हाताचं काय तपासायचं, तांबवेकर?”

मी पंप धरला, ते हवा भरत राहिले. टायर दगडासारखा झाला तरी थांबले नाहीत. मग सायकलवर बसताना म्हणाले, “इतकी वर्षं मी पाण्याची बाटली घरून नेली.” आणि निघून गेले.

त्यानंतर ते सरावाला आले नाहीत. मी दोनदा त्यांच्या दारावरून गेलो. काळी सायकल अंगणात उभी होती आणि तिला नवीन ब्रेक बसवलेला दिसला. हाक मारायचं धैर्य झालं नाही. शेवटचे साठ किलोमीटर एकट्यानं केले. एकट्यानं केलेले किलोमीटर लांब असतात.

केतकीला मी सगळं खरं सांगितलं आणि पत्रकावरचं माझं नाव काढ म्हणालो. पत्रकं वाटून झाली होती. तिनं विचारलं, ओढ्यातून सायकल खांद्यावर घेऊन जाता येईल का. मी म्हटलं, दुधाच्या किटल्या डोक्यावरून जातात म्हणजे सायकलही जाईल. तिचे डोळे चमकले. तिनं सगळ्यांना कळवलं, की मार्गात चार किलोमीटर रस्ता अजिबात नाही, आणि त्यानंतर आणखी अठरा जणांनी नावं दिली. लवणवाडी ज्या गोष्टीविरुद्ध तीस वर्षं अर्ज करत होती, तिच्यासाठी पुण्याहून लोक हौसेनं यायला निघाले.

फेरीच्या दिवशी उजाडताना मैदानावर रंगीबेरंगी टोप्यांची गर्दी होती. तिच्यातून साहेब आले. पॅन्टच्या पायाला जुनी क्लिप, डोक्यावर नवं हेल्मेट, हातात काळी सायकल. त्यांनी रामराम केला नाही. खिशातून टाइप केलेला कागद काढून माझ्यापुढं धरला. खात्याच्या नावे होता. १९८६ च्या नकाशातील सदर रस्ता कधीही झालेला नाही, तो आमच्या चुकीमुळे झालेला दाखवला गेला, आम्ही दोघे हे लिहून देत आहोत. खाली दोन सह्यांची जागा. एक झालेली होती.

“वाचून सही करा,” साहेब म्हणाले. मी पेन काढलं तेव्हा पुन्हा म्हणाले, “वाचून.”

मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, दोनदा, आणि मग सीटवर ठेवून सही केली.

लवणवाडीत आम्ही दुपारी बाराच्या सुमाराला पोचलो. तिसरं ठाणं केतकीनं गजराबाईंच्या ओट्यावर ठेवलं होतं आणि शिक्का त्यांच्याच हातात दिला होता. बाई कार्डावर शिक्का असा हाणत होत्या, की ओट्यावरच्या शेंगा उडाव्यात. रांग मोठी होती. आमची पाळी आली तेव्हा साहेबांनी कार्ड पुढं केलं नाही. त्यांनी हेल्मेट काढून काखेत धरलं.

“बाई, शहाऐंशी साली या भागाचा साहेब मी होतो,” ते म्हणाले.

शिक्का वरच राहिला.

“रस्ता कुणी खाल्ला नाही. तो झालाच नव्हता. नकाशात झालेला दाखवला गेला आणि खाली माझी सही आहे. न बघता केलेली.”

“रेघ मी मारली,” मी म्हणालो. “मला एस.टी. गाठायची होती.”

बाईंनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत साहेबांकडे. मागच्या रांगेत कुणीतरी हसत होतं, ते थांबलं.

“खाल्ला असता तर बरं झालं असतं,” त्या म्हणाल्या. “खानाऱ्याला निदान ठावं तरी असतंय, काय खाल्लं ते.”

साहेबांनी कागदाची प्रत त्यांना दिली. त्यांनी ती माझ्या हातात देऊन वाच म्हणून सांगितलं. ‘आमच्या चुकीमुळे’ पाशी आलो तेव्हा त्यांनी थांबवलं आणि ते दोन शब्द पुन्हा वाचायला लावले. मग कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली, चौदा उत्तरांच्या वर. माझ्या कार्डावर शिक्का मारला. साहेबांच्या कार्डावर मारला, जरा हळू. आत गेल्या आणि भाकरी घेऊन आल्या. काही विचारलं नाही, साहेबांच्या हातात ठेवली. साहेबांनी ती उभ्या उभ्या सगळी खाल्ली, आणि बाईंच्या तांब्यातलं पाणी प्यायले.

पुढचे चार किलोमीटर आम्हाला दोन तास दहा मिनिटं लागली. काळी सायकल खांद्यावर घेऊन साहेब मागं, त्यांना काटे बाजूला करून देत मी पुढं. मध्ये आम्ही जागा बदलल्या. किटल्या घेतलेल्या दोन बायका आम्हाला मागं टाकून खिंडीत गेल्या, आणि आम्ही पोचायच्या आत रिकाम्या किटल्या घेऊन परत येताना भेटल्या. शंभरी आम्ही वेळेत पुरी केली नाही. केतकीनं तरी पदकं दिली. साहेबांनी आपलं घेतलं, उलटं करून मागं काय लिहिलंय ते वाचलं आणि मग खिशात टाकलं.

आमच्या कागदाला खात्याचं उत्तर सात महिन्यांनी आलं. रस्ता अस्तित्वात असल्याने तो अस्तित्वात नसल्याबाबतचा आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे, असं त्यात होतं. साहेबांनी लगेच दुसरा पाठवला, ओढ्यात सायकल खांद्यावर घेतलेल्या दीडशे लोकांचे फोटो जोडून. मग तिसरा. दरम्यान केतकी एक दिवस धावत आली. त्या दीडशे जणांच्या सायकलींवरच्या यंत्रांनी वाट नोंदवली होती आणि इंटरनेटवरच्या, कुणालाही दुरुस्त करता येणाऱ्या नकाशात लवणवाडी ते खिंड आता रस्ता दिसायला लागला होता. अखंड रेघ. मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो आणि दोन रुग्ण बाहेर गाल धरून बसलेले असताना तिला ती रेघ तुटक करायला लावली. झाल्याशिवाय उठलो नाही.

रस्ता चार वर्षांनी झाला. खडी, मुरूम, रोलर, सगळं. तो झाल्याचं कळलं तेव्हा साहेब एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांनी फोन करून सांगितलं, की ते ट्रेसिंग घेऊन या, आणि अर्धं ब्लेडही. ट्रेसिंगवरची शाई पुसत नाहीत, ब्लेडनं खरवडतात. हे त्यांच्या लक्षात होतं.

आम्ही खिंडीतून निघालो आणि नवीन रस्त्यावरून लवणवाडीपर्यंत सायकलनं गेलो. साहेब मधे मधे उतरून कडेचा मुरूम पायानं दाबून बघत होते. शेवटी ओढा लागला. त्याच्यावर पूल अजून नव्हता. दोनशे मीटरभर खडी टाकून ठेवली होती आणि पलीकडे वाडी दिसत होती. गजराबाईंच्या ओट्यावर आम्ही शीट अंथरली. त्यांनी चारी कोपऱ्यांवर शेंगांच्या मुठी ठेवल्या. नकाशावर दोनशे मीटर म्हणजे चार मिलिमीटर. तेवढी रेघ मी ब्लेडनं खरवडली आणि त्या जागी दोन तुटक तुकडे काढले. पेन उचललं, टोक पुसलं, पुन्हा टेकवलं. हाताला आता थोडा कंप आहे, त्यामुळे वेळ लागला. कुठली एस.टी. गाठायची नव्हती.

साहेबांनी चष्मा पुसला. माझी रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटानं चालून पाहिली, ओढ्यापाशी थांबले, दोन तुकडे मोजले. मग शहाऐंशीच्या सहीखाली दुसरी सही केली आणि त्या दिवशीची तारीख घातली.